गोळी घरपोच, प्रश्न मात्र दाराबाहेर

रात्री झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घ्यावा, तर पहिलीच चित्रफीत सांगते की झोप न लागणे हे मॅग्नेशियम कमी झाल्याचे लक्षण आहे. दुसरीत केसगळतीसाठी झिंक सुचवलेले असते, तिसरीत सततच्या थकव्यासाठी लोह. खाली खरेदीची लिंक असते, सवलत मध्यरात्रीपर्यंतच असते आणि मोठ्या शहरात तर किराणा पोहोचवणारा मुलगाच दहा-पंधरा मिनिटांत डबी दारात आणून देतो. आजाराची शंका, त्याचे निदान, उपायाची निवड आणि खरेदी हे सगळे अंथरुणावरून न उठता उरकते.

या प्रवासातून एक माणूस गळाला आहे, तो म्हणजे प्रश्न विचारणारा. डॉक्टर असो, परिचारिका असो की कोपऱ्यावरचा जुना केमिस्ट, ‘हे कशासाठी हवे आहे?’, ‘रक्त तपासले का?’ आणि ‘आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हे तीन प्रश्न कुणीतरी विचारत असे. निदान विचारले जाण्याची शक्यता तरी असे. ऑनलाइन दुकान फक्त पत्ता विचारते आणि पैसे कसे देणार ते विचारते. खनिजांच्या गोळ्यांनी भले होणार की नुकसान, हे मात्र बरेचसे त्या न विचारलेल्या तीन प्रश्नांवर अवलंबून असते.

कोविडने लावलेली सवय

खनिजांच्या गोळ्या घरी मागवण्याची सवय आपल्याकडे खऱ्या अर्थाने लागली ती 2020 आणि 2021 मध्ये. झिंक आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्या काळात घराघरांत पोहोचल्या. आजारी माणसांनी घेतल्या, तशा धडधाकट माणसांनीही घेतल्या. अनेकांनी त्या महिनोन्‌महिने सुरू ठेवल्या. त्यांचा उपयोग किती, हे अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासून पाहिले. घरीच उपचार घेणाऱ्या 214 कोविड रुग्णांवरील या अभ्यासात काहींना रोज 50 मिलिग्रॅम झिंक, काहींना ‘क’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा, काहींना दोन्ही आणि काहींना नेहमीचेच उपचार देण्यात आले. लक्षणे कमी होण्याच्या काळात लक्षणीय फरक आढळला नाही, म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला. निष्कर्ष फेब्रुवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ झिंक निरुपयोगी आहे असा नाही. लहान मुलाला जुलाब झाले की ओआरएससोबत 10 ते 14 दिवस झिंक द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची 2004 पासूनची शिफारस आहे. सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला 10 मिलिग्रॅम. यामुळे जुलाब लवकर आटोक्यात येतात. सरकारी दवाखान्यांत ही गोळी मोफत मिळते. तरीही जुलाब थांबले की ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंद केली जाते. जिथे उपयोग सिद्ध झाला आहे तिथे गोळी अर्धवट सोडायची आणि जिथे नाही तिथे वर्षभर घ्यायची, अशी ही उलटी तऱ्हा आहे.

दीर्घकाळ जास्त झिंक घेण्याचा तोटाही आहे. आतड्यात झिंक आणि तांबे यांची स्पर्धा असते. झिंक फार झाले की तांब्याचे शोषण घटते. तांबे कमी झाले की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात आणि चालताना तोल जाऊ लागतो. गंमत अशी की असा थकलेला माणूस पुन्हा ‘शक्ती’साठी आणखी एक डबी मागवण्याची शक्यता जास्त असते.

कायद्याला अन्न, घरात औषध

ग्राहकाच्या लक्षात सहसा न येणारी गोष्ट म्हणजे अशा डब्यांपैकी बहुतेक कायद्याने औषध नसतात. औषधांना 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली येतात. त्यांच्यासाठीचे नियम 2016 मध्ये आले आणि 2022 मध्ये ते नव्याने लागू झाले. या नियमांनुसार अशा डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाचा इशारा छापणे बंधनकारक आहे. रोज किती घ्यावी आणि त्याहून जास्त घेऊ नये, हेही लिहावे लागते. पण लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असले तरी चालते. त्यामुळे मराठीच वाचणाऱ्या आजीच्या हातात पडणारी डबी तिला काहीच सांगत नाही.

डबीवरचा एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांकही नीट समजून घ्यायला हवा. हा त्या व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी असते. कंपनी अस्तित्वात आहे आणि तिला जाब विचारता येतो, एवढे त्यातून कळते आणि ते महत्त्वाचे आहेच. मात्र त्या गोळीने थकवा जातो किंवा झोप येते हे सरकारने तपासून मान्य केले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. जाहिरातीत मात्र या क्रमांकाची सरकारी शिक्क्यासारखी मिरवणूक निघते.

परदेशी डबी म्हणजे जास्त विश्वासार्ह, असाही एक समज आहे. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानुसार पूरक आहाराच्या गोळ्या बाजारात आणण्यापूर्वी त्यांची परिणामकारकता सरकारकडे सिद्ध करावी लागत नाही. तिथेच 2008 मध्ये एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये लेबलवर लिहिलेल्या प्रमाणाच्या 200 पट सेलेनियम असल्याचे उघड झाले. दहा राज्यांत 201 जणांना त्रास झाला. जुलाब, थकवा, सांधेदुखी, केस गळणे, नखे विद्रूप होणे अशी त्यांची लक्षणे होती. त्यांतल्या अनेकांनी हे द्रव्य केवळ तब्येत चांगली राहावी म्हणून घेतले होते.

लेबलवरची गफलत

घरी बसून गोळी निवडताना सगळ्यात जास्त चूक होते ती आकडा वाचताना. खनिज गोळीत एकटे नसते, ते क्षाराच्या रूपात असते. ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम’ असे लिहिलेल्या गोळीत शरीराला उपयोगी पडणारे कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच असते, कारण कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियमचा वाटा 40 टक्के आहे. कॅल्शियम सायट्रेटमध्ये तो सुमारे 21 टक्के आहे. लोहाचेही तसेच. फेरस फ्युमरेटमध्ये लोह सुमारे 33 टक्के असते, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम 12 टक्के. म्हणून दोन डब्यांची किंमत आणि ताकद ताडून पाहायची तर क्षाराचे वजन बाजूला ठेवून ‘एलिमेंटल’ या शब्दापुढचा आकडा वाचावा लागतो. तो आकडा कुठेच नसेल, तर ती डबी परत ठेवलेली बरी.

दुसरी गफलत ‘सर्व्हिंग’ची. मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा कधी एका गोळीचा असतो, कधी दोन गोळ्यांचा, तर कधी तीन गमीजचा. तिसरी गफलत बेरजेची. समजा, एखाद्या घरात मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतून 15 मिलिग्रॅम, केसांसाठीच्या गोळीतून 15 आणि पाण्यात फसफसणाऱ्या ‘प्रतिकारशक्ती’च्या गोळीतून 10 मिलिग्रॅम झिंक रोज पोटात जाते. तिन्ही डब्या वेगळ्या, कारणे वेगळी. पण झिंक एकच. बेरीज 40 होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी ठरवलेली झिंकची सुरक्षित कमाल मर्यादा नेमकी एवढीच आहे आणि जेवणातले झिंक अजून मोजलेलेच नाही. फसफसणाऱ्या गोळ्यांत आणखी एक लपलेली गोष्ट असते, ती म्हणजे सोडियम. काही गोळ्यांत ते तीन-चारशे मिलिग्रॅमपर्यंत असते. रक्तदाबासाठी जेवणातले मीठ कमी करणारा माणूस ते नकळत पेल्यातून परत घेतो.

जाहिरातींचा आवडता शब्द म्हणजे ‘आरडीए’, अर्थात रोजची शिफारस केलेली मात्रा. परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, लोह पुरुषांना 19 आणि स्त्रियांना 29 मिलिग्रॅम. हा आकडा अशा रीतीने ठरवलेला असतो की निरोगी लोकांपैकी जवळजवळ सगळ्यांची गरज त्यात भागावी. साहजिकच बहुतेकांची प्रत्यक्ष गरज त्याहून कमी असते. त्यामुळे ‘तुमच्या जेवणातून गरजेच्या 70 टक्केच मिळते’ या वाक्यावरून कमतरता सिद्ध होत नाही. कमतरता ठरते ती तपासणीतून आणि आहाराच्या चौकशीतून.

लोह: गरज खरी, रस्ता चुकीचा

खनिजांच्या बाबतीत भारतातले सर्वांत मोठे खरे दुखणे लोहाचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण 53.1 टक्के होते. महाराष्ट्रात ते 48 वरून 54.2 टक्क्यांवर गेले. सगळा रक्तक्षय लोहाअभावी नसतो, पण लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

यासाठी सरकारी योजना आहे आणि ती चांगली आहे. 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत गरोदर स्त्रीला रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी, किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, तर पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी मोफत दिली जाते. तरीही लाल गोळ्यांची पाकिटे फडताळात तशीच पडून राहतात. गोळीने मळमळते, बद्धकोष्ठ होते, शौचाला काळे होते. असे होणार आणि त्याला काय करायचे, हे सांगायला गर्दीच्या ओपीडीत कुणाला सवड नसते. मग दुसरीकडे ज्याला परवडते तो ‘पोटाला न बाधणारे लोह’ म्हणून कितीतरी पट महाग डबी मागवतो. लोक फोनकडे वळतात त्यामागे जाहिरातींचा जोर आहेच. पण दवाखान्यात न मिळालेली दोन मिनिटेही आहेत, हे आरोग्य यंत्रणेने मान्य केले पाहिजे.

लोहाची गोळी मनाने सुरू करण्यातला खरा धोका मात्र पैशांचा नाही. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीला थकवा, धाप आणि रक्तक्षय असेल, तर पहिला प्रश्न ‘रक्त जाते कुठे?’ हा असतो. जठरातला व्रण, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मूळव्याध आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग ही त्याची कारणे असू शकतात. अशा माणसाने घरी लोहाची डबी मागवली तर काय होते? हिमोग्लोबिन थोडे वाढते, थकवा थोडा कमी होतो आणि तपासणी लांबणीवर पडते. भरीला लोहाच्या गोळीने शौच काळे होते. पोटातल्या रक्तस्रावाची खूणही तीच. म्हणजे गोळी आजार झाकते आणि त्याची खूणही झाकते. आतड्याच्या कर्करोगात सहा महिन्यांचा उशीर म्हणजे काय, हे शस्त्रक्रिया विभागात काम केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

उलट बाजूही आहे. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन किंचित कमी आणि लाल पेशी लहान असतात. वरवर पाहता अहवाल लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशांना लोह कमी नसतानाही वर्षानुवर्षे लोह दिले गेल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत. म्हणून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन ही तपासणी महत्त्वाची. शरीरातला लोहाचा साठा त्यातून कळतो. निरोगी प्रौढात फेरिटिन लिटरला 15 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर साठा संपल्याचे जागतिक आरोग्य संघटना मानते. अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर हा आकडा फसवा वाढतो, म्हणून अहवाल दाखवून घ्यावा.

जास्त मात्रा म्हणजे जास्त फायदा, हेही लोहाला लागू पडत नाही. लोह घेतले की शरीरात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते पुढच्या मात्रेचे शोषण रोखते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांत रोज गोळी घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतले लोह अधिक शोषले गेले. अर्थात गरोदरपणात किंवा तीव्र रक्तक्षयात वेळापत्रक डॉक्टरच ठरवतील. मळमळ होते म्हणून गोळी फेकून देण्यापूर्वी हा पर्याय विचारता येतो, एवढे खरे.

घरात लहान मूल असेल तर एक धोका विसरू नये. दहा किलो वजनाच्या मुलाने 60 मिलिग्रॅम लोहाच्या दहा गोळ्या चॉकलेट समजून खाल्ल्या, तर ते जिवावर बेतू शकते. गोड गमीज आणि रंगीत गोळ्यांच्या काळात डबी कुलपात ठेवायची वस्तू आहे. मुलाने गोळ्या गिळल्याची शंका आली तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, डबी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम

पाळी बंद झाली की कॅल्शियम सुरू, हे समीकरण मध्यमवर्गीय घरांत पक्के बसले आहे. अमेरिकेत 36,282 स्त्रियांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 400 युनिट ‘ड’ जीवनसत्त्व देऊन सरासरी सात वर्षे पाहिले गेले. खुब्याच्या हाडाची घनता किंचित सुधारली, पण खुब्याचे अस्थिभंग लक्षणीय प्रमाणात घटले नाहीत. मूतखड्याचे प्रमाण मात्र 17 टक्क्यांनी वाढले. ज्यांना अस्थिठिसूळतेवर उपचार चालू आहेत किंवा ज्यांच्या जेवणात कॅल्शियम खरोखरच कमी आहे, त्यांचा हिशेब वेगळा. गरोदर स्त्रियांना तर सरकारी कार्यक्रमातच दुसऱ्या तिमाहीपासून रोज दोन वेळा 500 मिलिग्रॅम कॅल्शियम दिले जाते आणि ते घ्यायलाच हवे. पण शेजारणीने घेतले म्हणून आपणही, हा निकष होऊ शकत नाही.

त्यातही आपल्या स्वयंपाकघरात कॅल्शियम आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम, शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे 120. तीळ, पालेभाज्या, हाडासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी यांतूनही ते मिळते. सकाळची नाचणीची आंबील, दोन पेले दूध किंवा ताक आणि चटणीतले तीळ यांची बेरीज केली तर उरलेली तूट किती लहान असते, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. तूट उरलीच तर ती भरायला बहुधा एक गोळी पुरते. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम नीट शोषले जात नाही.

मॅग्नेशियमची कहाणी सध्या सर्वांत चर्चेत आहे. झोप, चिंता, पेटके, बद्धकोष्ठ अशा सगळ्यांवर एकच उपाय म्हणून ते विकले जाते. झोपेबाबतचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांतून ठाम काही निघत नाही. शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहून कमी रक्तात असते, त्यामुळे रक्ततपासणीलाही मर्यादा आहेत. मात्र हेच मॅग्नेशियम प्रसूतिकक्षात जीव वाचवते. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असेल तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. 33 देशांतील 10 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ अभ्यासात या इंजेक्शनने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. कुणाला, कधी, किती हे ठरवून दिले तर खनिज असे काम करते. हे ठरवल्याशिवाय घेतले तर बहुतेकांना फक्त पातळ शौचाला होते आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांच्या रक्तात ते धोकादायक पातळीपर्यंत साठू शकते.

आधीच्या गोळ्यांशी भांडण

तिसरा प्रश्न, ‘आधीपासून काय चालू आहे?’, हा घरोघरी सर्वांत दुर्लक्षित आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. तिच्यासोबत किंवा लगेच नंतर कॅल्शियम वा लोह घेतले तर ती आतड्यातच अडकते. दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर हवे. ते न पाळल्याने टीएसएच वाढते, मग थायरॉइडची मात्रा वाढवली जाते आणि मूळ कारण तसेच राहते. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांचा प्रभावही लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियमने घटतो. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या आड येतात, म्हणून गरोदर स्त्रीलाही त्या दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगतात. लोहाच्या गोळीवर चहा घेतला तर शोषण घटते, लिंबूपाण्यासोबत ते वाढते.

‘गॅसची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षे रोज घेतल्या जाणाऱ्या पँटोप्राझोलसारख्या औषधांमुळे जठरातले आम्ल घटते. अशा माणसाला कॅल्शियम कार्बोनेट नीट पचत नाही, सायट्रेट बरे पडते. याच गोळ्यांमुळे दीर्घकाळात मॅग्नेशियमही कमी होऊ शकते. म्हणजे एका गोळीने झालेली तूट दुसऱ्या गोळीने भरण्याऐवजी पहिली खरोखर हवी आहे का, हे आधी विचारायला हवे. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना किंवा मूत्रपिंडाचा विकार असताना पोटॅशियमच्या गोळ्या किंवा पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठही मनाने सुरू करू नये. पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

नियम आले, नजर हवी

सरकार या बाजाराकडे अजिबात पाहत नाही, असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे घेऊन प्रचार करत असल्यास ते सांगावे आणि आपले म्हणणे वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हेही स्पष्ट करावे, असे त्यात आहे. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या खटल्यात जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीही तितक्याच जबाबदार असल्याचे बजावले. नोव्हेंबर 2024 मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की ग्राहकाच्या हातात पडताना मालाची निदान 30 टक्के मुदत किंवा 45 दिवस शिल्लक असावेत आणि लेबलवर नसलेले दावे संकेतस्थळावर करू नयेत.

कागदावर हे ठीक आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. अन्न निरीक्षक दुकानात जाऊन नमुना घेऊ शकतो. पण रोज नव्या नावाने उगवणाऱ्या आणि कुठल्या तरी गोदामातून थेट घरी जाणाऱ्या डब्यांचे नमुने घेणे वेगळे काम आहे. त्यासाठी माणसे आणि प्रयोगशाळा दोन्ही वाढवाव्या लागतील. नमुन्यांचे निकाल उत्पादनाच्या नावासह लोकांना सहज पाहता येतील असे जाहीर झाले, तर कुठल्याही मार्गदर्शक सूचनेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. लेबलवरचा इशारा आणि घ्यायची मात्रा राज्याच्या भाषेत असावी, ही मागणीही अवाजवी नाही. आणि ऑनलाइन दुकानाला ग्राहकाने याआधी काय घेतले ते लक्षात ठेवून नवे सुचवता येते, तर ‘थायरॉइडची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारणे त्याला अवघड जाऊ नये.

घेतलीच तर

डॉक्टरांनी खनिजाची गोळी सांगितली असेल आणि ती घरी मागवायची असेल, तर काही गोष्टी पाहाव्यात. खनिजाचे नाव, त्याचा क्षार, एलिमेंटल मात्रा आणि किती दिवस घ्यायची हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. एका वेळी एकच खनिज असलेली साधी गोळी बहुधा पुरते. वीस घटकांच्या मिश्रणात प्रत्येकाची मात्रा नेमकी किती हे कळत नाही आणि त्रास झाला तर कशाने झाला तेही कळत नाही. शक्य असेल तिथे औषध म्हणून परवाना असलेली, ‘आयपी’ म्हणजे इंडियन फार्माकोपियाचा उल्लेख असलेली गोळी निवडावी. जन औषधी केंद्रात चौकशी केली तर खर्चही वाचतो. सप्लिमेंट घेतलेच तर परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि आयात माल असल्यास भारतीय आयातदाराचे नाव-पत्ता पाहावा. विक्रेता कोण आहे हे वाचावे, कारण एकाच संकेतस्थळावर शेकडो वेगवेगळे विक्रेते असतात. डबी आल्यावर सील तुटलेले असेल, तारीख खोडलेली असेल तर फोटो काढून परत करावी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात होणे अपेक्षित आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आणि अन्न व औषध प्रशासन आहेच.

आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या डब्या, जाहिरात पाहून मागवलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. ‘औषध काही चालू नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या पिशवीतून चार-पाच डब्या निघतात, कारण त्यांना तो औषध समजतच नाही. त्या टेबलावर मांडल्या की बेरीज करता येते, वेळा ठरवता येतात आणि बहुतेकदा दोन-तीन डब्या बंदही करता येतात. ज्याला खरोखर लोह कमी आहे त्याचे कारण शोधायला सुरुवातही तिथूनच होते.